घोडा उधळला की हरला : मेडोलँड्सची हार्नेस रेस कशी पाहावी

(ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता रेसवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 'तो रेसला जातो' असं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. माणूस वाया गेला, एवढाच अर्थ निघतो.

तरीही विषय निवडला, त्याचं एक व्यावहारिक कारण आहे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत आहेत आणि त्यातली बरीचशी न्यू जर्सीत. आपण तिकडे पाच-सहा महिने जाऊन राहतो. न्यूयॉर्क बघून होतं, नायगारा होतो, देवळं होतात. मग शनिवारी संध्याकाळी मुलगा म्हणतो, "बाबा, इथे जवळच मेडोलँड्सला घोड्यांच्या शर्यती असतात, जायचं का?" आपण जातो, तिथे काय चाललंय ते कळत नाही, आणि एकतर कंटाळून परत येतो किंवा खिडकीवर जाऊन पैसे घालवून येतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतील. त्यासाठी थोडी माहिती हवी आणि थोडा विचार हवा. आज दोन्ही करू.

ही कोणती शर्यत?

पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळ्यात आपण बघतो ती रेस वेगळी. तिथे घोड्याच्या पाठीवर जॉकी बसतो आणि घोडा चौखूर पळतो. मेडोलँड्सला घोड्याच्या पाठीवर कोणीच बसत नाही. मागे दोन चाकांची, अतिशय हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात. तिच्यावर ड्रायव्हर पाय पुढे पसरून, जवळजवळ घोड्याच्या शेपटीला टेकून बसलेला असतो. म्हणून ही हार्नेस रेस, म्हणजे साज चढवून गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत.

पण गाडी हा खरा फरक नाही. खरा फरक चालीचा आहे. या शर्यतीत घोड्याने चौखूर पळायचंच नाही. त्याने एक ठरलेली चाल धरायची आणि त्या चालीतच जितका वेग काढता येईल तितका काढायचा.

चाली दोन. पहिली ट्रॉट, म्हणजे आपली दुडकी. पुढचा उजवा पाय आणि मागचा डावा पाय एकदम उचलले जातात, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. म्हणजे तिरक्या जोडीने. दुसरी पेस. तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही. राजस्थानात उंटावर बसला असाल तर आठवा, उंट असाच चालतो, म्हणून वर बसलेला माणूस डावी-उजवीकडे डुलतो. दोन्ही चालींच्या शर्यती वेगवेगळ्या होतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पेसरच्या पायांत बहुधा पट्ट्यांचे कडे अडकवलेले दिसतील, एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जोडणारे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाय बांधलेत बिचाऱ्याचे. ते चाल टिकवायला मदत करणारं साधन आहे.

आता मुख्य गोष्ट. घोडा उत्तेजित झाला, दमला किंवा त्याचा तोल गेला, की तो दुडकी सोडून चौखूर उधळतो. याला तिथे 'ब्रेक' म्हणतात. उधळलेला घोडा अधिक वेगाने जाऊ शकतो! चौखूर पळणारा चांगला घोडा एक मैल दीड मिनिटाच्या थोडं वर वेळात कापतो, दुडकीवाल्याला जास्त वेळ लागतो. तरीसुद्धा ब्रेक झाला की ड्रायव्हरने जागा बघून घोडा बाहेरच्या बाजूला घ्यायचा, लगाम खेचून पुन्हा चालीवर आणायचा, आणि या सगळ्यात मागे पडायचं. असा नियम आहे. उधळून फायदा घेतला तर पंच खालचा क्रमांक देतात. समजा एखाद्या घोड्याने उधळलेल्या अवस्थेत नाकाच्या अंतराने पहिली रेषा ओलांडली आणि दुसरा घोडा त्याला अगदी लगटून असेल, तर पहिला आलेला मागे टाकला जातो.

म्हणजे या शर्यतीत जास्त जोरात पळणं ही चूक ठरू शकते. हे एकदा लक्षात आलं की सगळं दृश्य बदलतं.

असा खेळ आला कुठून?

थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दळणवळण घोडागाडीचं. डॉक्टर, शेतकरी, दुकानदार, सगळ्यांकडे दुडकी चालणारा घोडा. रस्त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की 'बघू कोणाचा पुढे जातो' हे ओघानेच आलं. त्यामुळे हा खेळ सरदार-दरकदारांच्या तबेल्यातून आलेला नाही, कामाच्या घोड्यातून आलेला आहे. १८४५ साली लेडी सफोक नावाच्या करड्या घोडीने होबोकेनच्या मैदानावर एक मैल अडीच मिनिटांच्या आत पार केला. होबोकेन म्हणजे तेच, जिथून आपली मुलं ट्रेनने मॅनहॅटनला कामावर जातात.

१८४९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत एक शिंगरू जन्मलं. विल्यम रिस्डिक नावाच्या शेतावरच्या नोकराने ते आणि त्याची लंगडी आई, दोघांना मिळून १२५ डॉलरला विकत घेतलं. शिंगराचं नाव हॅम्बलटोनियन. तेराशेहून जास्त पिल्लांचा तो बाप झाला, आणि आज अमेरिकेत हार्नेस रेसला धावणारा जवळजवळ प्रत्येक घोडा आपली वंशावळ त्याच्यापाशी नेतो. १८७९ साली या जातीच्या नोंदणीसाठी एक कसोटी ठरली: दुडकीत एक मैल अडीच मिनिटांत. या 'स्टँडर्ड'मुळेच जातीचं नाव स्टँडर्डब्रेड. गंमत बघा, जात ठरली ती रंगावरून किंवा उंचीवरून नाही, काय करून दाखवता येतं त्यावरून.

१८४५ मध्ये अडीच मिनिटं हा पराक्रम होता. १९०६ साली डॅन पॅच या पेसरने एक मिनिट ५५ सेकंदांची वेळ दिली. आणि १६ जुलै २०२२ ला मेडोलँड्सवरच बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने एक मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत पूर्ण केला. ताशी चोपन्न किलोमीटरच्या वर, आणि तेही चाल न मोडता.

जायचं कसं, बघायचं काय

मेडोलँड्स हे न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, हॅकेनसॅक नदीच्या पाणथळ भागात, मेटलाइफ स्टेडियमच्या शेजारी आहे. इथे शर्यती सुरू झाल्या सप्टेंबर १९७६ मध्ये. धावपट्टी बरोबर एक मैलाची, त्यामुळे एक फेरी म्हणजे एक शर्यत. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्सला पट्टी अर्ध्या मैलाची आहे, तिथे दोन फेऱ्या होतात आणि वळणं जास्त. मेडोलँड्सला लांब सरळ भाग असल्यामुळे मागचा घोडा शेवटी पुढे येऊ शकतो. नवख्याला बघायला हीच पट्टी बरी.

शर्यती बहुतेक शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात होतात. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी मुलाला त्यांचं कॅलेंडर बघायला सांगा. त्याच वेळी शेजारच्या स्टेडियमवर फुटबॉलचा सामना किंवा मोठा गाण्याचा कार्यक्रम नाही ना, तेही बघायला सांगा. नाहीतर घोडे राहतील बाजूला, तुम्ही दोन तास गाड्यांच्या रांगेत. स्टेडियमची रेल्वे फक्त मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशी धावते, त्यामुळे एरवी मोटारीनेच जावं. प्रेक्षकांची आताची इमारत २०१३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आत उबदार आहे, काचेतून सगळं दिसतं. पण माझा सल्ला असा की निदान दोन शर्यती बाहेर, कठड्यापाशी उभं राहून बघा. अंगात स्वेटर असू द्या, पाणथळ जागा आहे, वारा झोंबतो. आतून पडद्यावरचे आकडे दिसतात. बाहेर टापांचा आवाज ऐकू येतो, आणि चाल मोडली की तो आवाज बदलतो.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीचा शनिवार. त्या दिवशी हॅम्बलटोनियन स्टेक्स, तीन वर्षांच्या ट्रॉटरची सर्वांत मानाची शर्यत, बक्षीस दहा लाख डॉलरांच्या घरात. ही १९२६ साली सिराक्यूजला सुरू झाली, पुढे बरीच वर्षं गोशेनला, मग इलिनॉयमधल्या ड्यू क्वाइनला झाली आणि १९८१ पासून मेडोलँड्सला होते. त्या दिवशी गर्दी असते, उत्सवासारखं वातावरण असतं. शांतपणे समजून घ्यायचं असेल तर मात्र साधा शुक्रवार बरा.

आता क्रम सांगतो. शर्यतीआधी घोडे ओळीने समोरून फिरवतात. मग एक मोटार येते. तिच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे पंखांसारखे लांब आडवे दांडे असतात. मोटार धावू लागते, घोडे त्या पंखांच्या मागे आपापल्या जागी दुडकत येतात, वेग वाढत जातो, सुरुवातीच्या रेषेवर पंख मिटतात आणि मोटार सुसाट पुढे निघून बाजूला होते. धावत्या सुरुवातीची ही युक्ती १९४६ साली लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर आली. त्याआधी सगळ्यांना एका रेषेत आणताना वीस-वीस वेळा मागे बोलवावं लागे आणि प्रेक्षक वैतागत.

पुढची दोन मिनिटं कुठे बघायचं? पहिला कोण आहे तिकडे सगळेच बघतात. तुम्ही दुसरीकडे बघा. आतल्या कठड्याला लागून जो घोडा पुढच्याच्या पाठीशी आहे, त्याला वारा लागत नाही, तो ताकद राखून आहे. बाहेरच्या बाजूला एकटा, कोणाच्याही आडोशाशिवाय चालणारा घोडा जास्त अंतर कापतोय आणि वाराही खातोय. सायकलच्या शर्यतीत असतं तसंच. पाव मैल, अर्धा मैल, पाऊण मैल यांच्या वेळा फलकावर लागतात. पहिला अर्धा फार वेगात गेला तर पुढचे दमतील, हे तुम्हालाही सांगता येईल.

छापील प्रोग्रॅममध्ये प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यतींच्या ओळी असतात. आकड्यांचं जंगल वाटेल. त्यात एकच खूण शोधा: क्रमांकाजवळचा छोटा एक्स. एक्स म्हणजे त्या ठिकाणी चाल मोडली. ज्याच्या ओळींत एक्स पुन्हा पुन्हा येतो तो वेगवान असेल, पण भरवशाचा नाही. माणसांच्या बाबतीतही असा प्रोग्रॅम छापायची सोय असती तर लग्नं जमवणं सोपं गेलं असतं!

थोडं तत्त्वज्ञान

बर्नार्ड सूट्स नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक १९७८ चं. खेळ म्हणजे काय, असा प्रश्न त्याने घेतला. त्याचं म्हणणं साधारण असं की अनावश्यक अडथळे राजीखुशीने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. आपली कबड्डी घ्या. समोरच्या गड्याला हात लावून परत यायचंय ना? मग श्वास घेत या की! पण नाही, एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणतच यायचं. ती अट काढली तर काम सोपं होईल, पण खेळ उरणार नाही. हार्नेस रेसमध्ये चाल ही ती अट आहे.

सूट्सच्या व्याख्येत एक शब्द महत्त्वाचा आहे, राजीखुशीने. कबड्डीत दम धरतो तो गडी स्वतः राजी असतो. इथे अट कोणी स्वीकारली? माणसाने. पाळायची कोणी? घोड्याने. घोड्याला कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याला रथ आणि घोडे म्हटलं की कठोपनिषद आठवतं. इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. ग्रीकांकडे प्लेटोच्या 'फीड्रस'मध्येही दोन घोड्यांचा रथ आहे. दोन्हीकडे घोडा म्हणजे आवरायची गोष्ट. रूपक म्हणून ते फार मोठं आहे. पण मैदानावर गेल्यावर ते घरी ठेवून जावं. मेडोलँड्सचा घोडा रूपक नाही. त्याला घाम येतो, गुडघा दुखतो, भीती वाटते. ज्याने त्याच्या वतीने अट मान्य केली, त्याच्यावर त्याची जबाबदारी येते. आणि ती फक्त मालकाची आणि ट्रेनरची नाही. तिकीट घेणाऱ्याची आणि बघणाऱ्याचीही काही अंशी आहे, कारण आपण बघतो म्हणून शर्यत होते.

ही जबाबदारी कायम पाळली जाते का? नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी घोड्यांना औषधं टोचल्याच्या प्रकरणांत २७ जणांवर आरोप ठेवले, त्यात ट्रेनर होते, पशुवैद्य होते, आणि दोन्ही प्रकारच्या रेसमधले लोक होते. दुखणं दाबून घोडा पळवला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. शर्यतीतून निवृत्त झालेले बरेच स्टँडर्डब्रेड पेनसिल्व्हेनिया, ओहायोकडच्या आमिश शेतकऱ्यांच्या बग्ग्या ओढतात. काहींना चांगलं घर मिळतं. काही लिलावातून सीमेपलीकडच्या कत्तलखान्यांत जातात. हेही त्या दिव्यांच्या झगमगाटाचाच भाग आहे, ते माहीत असावं.

हे आपल्यालाही नवं नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. कायद्याचा प्रश्न सुटला. पण बैलाच्या वतीने कोण राजी झालं, हा प्रश्न प्रत्येक घाटावर दर वर्षी नव्याने विचारावा लागेल.

पैशाचं काय?

आता खिडकीकडे वळू. तिथे पैज 'पॅरी-म्युच्युअल' पद्धतीची असते. सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमतात. त्यातून मैदान आणि राज्य आपला वाटा आधी काढून घेतात. उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. समजा भांड्यात १००० डॉलर आहेत, १७ टक्के कापले, उरले ८३०. चार नंबरच्या घोड्यावर २०० डॉलर लागले होते आणि तो जिंकला. मग एका डॉलरला ४ डॉलर १५ सेंट, दोन डॉलरच्या तिकिटाला ८ डॉलर ३०.

याचा अर्थ नीट बघा. तुम्ही मैदानाविरुद्ध खेळत नाही, आजूबाजूला बसलेल्या लोकांविरुद्ध खेळता. घोडा चांगला आहे एवढं कळून उपयोग नाही. तो इतरांना वाटतो त्यापेक्षा चांगला आहे, हे कळावं लागतं. आणि कपात आधीच झालेली असते. याच हिशोबाने दहा शर्यतींवर दोन-दोन डॉलर लावणाऱ्या सामान्य माणसाचे वीसातले ३ डॉलर ४० सेंट सरासरीने जातात. तीन तासांच्या करमणुकीला ते महाग नाही. पण याला उत्पन्न समजणं हा भ्रम आहे.

पुण्या-मुंबईच्या रेसची सवय असलेल्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे 'प्लेस' म्हणजे साधारण पहिल्या तिघांत. तिथे 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोघांत, आणि पहिल्या तिघांसाठी 'शो' म्हणावं लागतं. चुकीचा शब्द बोललात तर तिसऱ्या आलेल्या घोड्याचे पैसे मिळणार नाहीत, आणि भांडून उपयोग नाही.

आणखी एक. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सगळ्याच खेळांवरच्या पैजा मोकळ्या केल्या. हा खटला न्यू जर्सीचाच. त्या जुलैपासून मेडोलँड्सच्याच इमारतीत फुटबॉल, बास्केटबॉलवर पैजा घेतल्या जातात. तिथे पडद्यांसमोर बसलेले कित्येक जण बाहेर घोडे धावतायत याची दखलही घेत नाहीत. परक्या देशात, मुलं कामावर, आपण दिवसभर घरात एकटे. अशा वेळी उबदार जागा आणि दोन-दोन डॉलरची आशा फार जवळची वाटू लागते. माझ्या परिचयातले एक गृहस्थ असेच दर शुक्रवारी जाऊ लागले. रक्कम मोठी नव्हती. पण ती मुलाने दिलेल्या खर्चातली होती आणि घरात सांगितलेली नव्हती. रकमेपेक्षा ते न सांगणं त्यांना जास्त जड गेलं.

प्रश्नोत्तरे

*नातवंडांना न्यावं का?*

जरूर न्या, मोठ्यांबरोबर मुलांना येता येतं. पैज मात्र अठरा वर्षांखालच्यांना लावता येत नाही. मुलांना सांगा, कोणता घोडा चाल मोडतो ते शोधा. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात, आणि त्यांना पैशाची गरज लागत नाही.

*ड्रायव्हर चाबूक मारतात, ते बघवत नाही.*

न बघवणं चांगलंच आहे. चाबकाच्या वापरावर नियमांच्या मर्यादा आहेत आणि त्या मोडल्या तर दंड होतो. पण एक बघा: चांगला ड्रायव्हर जास्त काम हातातल्या लगामाने आणि आवाजाने करतो. घोडा चालीच्या कडेवर असताना त्याला डिवचलं तर तो उधळतो आणि शर्यत जाते. म्हणजे इथे क्रूरपणा पुष्कळदा तोट्याचाही ठरतो. तो केवळ तोट्याचा आहे म्हणून थांबावा, असं मात्र मी म्हणणार नाही.

*तर मग सर, एकदा तरी पैसे लावावेत की नाही?*

लावायचे असतील तर तीन गोष्टी करा. घरून निघतानाच रक्कम ठरवा, ती वेगळ्या खिशात ठेवा, आणि घरच्यांना आकडा सांगून जा. पहिल्या दोन शर्यती काहीही न लावता नुसत्या बघा. तिसरीच्या आधी घोडे समोरून फिरवतील तेव्हा कठड्यापाशी उभे राहा आणि एकेकाची पावलं बघा, कोण सुटसुटीत चालतोय, कोण अंग चोरतोय. एवढं बघून झाल्यावरही खिडकीकडे जावंसं वाटलं तर जा. काहींना तेवढ्यात शर्यत सुरू झाल्याचं भानही राहणार नाही, आणि त्यांचे दोन डॉलर वाचतील.

वेळ संपली आहे.